बीच सांगून रबरवूड, पीयू सांगून लॅकर: टेबल करून घेण्याआधी हे वाचा

ठाणे-नवी मुंबईत नव्या घरासाठी लाकडी फर्निचर करून घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कोटेशनमध्ये 'स्टीम बीच' (वाफ दिलेलं बीच, एक महाग युरोपी लाकूड) आणि 'वॉलनट शेड' (अक्रोडाच्या लाकडासारखा गडद रंग) हे शब्द शेजारी-शेजारी दिसले, तर ॲडव्हान्स देण्याआधी थांबा. गडद रंग एकदा चढला की खालचं लाकूड कुठलं हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. आमच्याकडून बीचचे पैसे घेऊन रबरवूड, म्हणजे रबराच्या झाडाचं स्वस्त लाकूड, घरात आणून ठेवलं ते याच जोरावर.

आम्ही ऐरोलीला राहतो. डायनिंग टेबल, चार खुर्च्या आणि एक बाक अशी ऑर्डर वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपला दिली होती. मालकाने हातात दिलेला नमुन्याचा तुकडा खऱ्या बीचचा होता आणि त्यावरचं पॉलिशही खरं पीयू (पॉलियुरेथेन) होतं. व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं: स्टीम बीच, वॉलनट स्टेन (लाकडाला द्यायचा रंग), पीयू मॅट फिनिश, एकूण ६८ हजार. दिवाळीच्या आत सामान घरी आलं. दिसायला देखणं होतं, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती.

पावसाळा सुरू झाला आणि गरम भांड्याखाली पांढरी वर्तुळं उमटायला लागली. फोन केला तर मालक म्हणाला, "मॅडम, पावसात होतंच असं, ऊन पडलं की जाईल." मग एकदा मुलीच्या हातून टेबलावर नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं. लगेच पुसलं, तरी फडकं तपकिरी झालं आणि खाली फिकट पिवळसर लाकूड उघडं पडलं. म्हणजे रंग लाकडात मुरलेलाच नव्हता, तो वरच्या थरात मिसळून मारला होता. आणि तो वरचा थर पीयू नव्हता, साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर होतं. पीयूमध्ये बेस आणि हार्डनर एकत्र होऊन पक्की जाळी तयार होते, रिमूव्हरमधल्या ॲसिटोनचे चार थेंब लगेच पुसले तर ती विरघळत नाही. लॅकर नुसतं थिनर उडून वाळतं, त्यामुळे तसलाच द्रव पुन्हा लागला की लगेच मऊ पडतं.

माझे सासरे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झाले. त्यांचं आयुष्य लाकडात गेलं. ते म्हणाले, "टेबल उलटं कर गं, खालून बघू." खालच्या बाजूला पॉलिशचा एक हातही नव्हता, नुसता रंग फासला होता. बाबांनी पॉलिश पेपरने तळहाताएवढी जागा घासून काढली, ओलं फडकं फिरवलं आणि त्यांच्या पेटीतला जुना विलायती रंधा शेजारी ठेवला. त्या रंध्याचं अंग बीचचं आहे. टॉर्च तिरका धरल्यावर रंध्यावर बारीक, आखूड, गडद रेघा दिसत होत्या, तिळाच्या दाण्यासारख्या, आणि बाजूच्या कडेला चमकणारे छोटे ठिपके. ही बीचची खूण. आमच्या टेबलावर त्यातलं काहीच नव्हतं. होत्या त्या लांबच लांब, उठून दिसणाऱ्या तपकिरी रेषा, म्हणजे रबरवूडची ठळक छिद्रं. "हे रबराचं झाड आहे," एवढंच बोलून बाबांनी टॉर्च बंद केला.

रबरवूड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. चिकाचं उत्पन्न संपलेल्या झाडाचं लाकूड कामी येतं, आणि नीट सुकवून कीड रोखणारी बोरॉनची प्रक्रिया केली असेल तर चांगलं टिकतं. राग आहे तो लावलेल्या दराचा. बीच युरोपातून येतं, वाफ देऊन त्याला तो गुलाबीसर रंग आणलेला असतो, आणि त्याचा दर रबरवूडपेक्षा बराच जास्त असतो. तो जास्तीचा दर आम्ही मोजला होता.

जाब विचारल्यावर मालकाने जे उत्तर दिलं ते नीट समजून घ्या, कारण ते अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच पटतं. तो म्हणाला, "बीचला स्टेन धरत नाही मॅडम, डाग-डाग उमटतात, म्हणून आम्ही रंग टॉपमध्ये देतो." बीचवर स्टेन एकसारखा बसत नाही हे खरंच आहे. लाकूड घट्ट विणीचं आहे, रंगाचे कण वरच्यावर राहतात, आणि जिथे रेषा वळतात तिथे जास्त शोषले जातात. फळीचं टोक तर काळंच होतं. पण जाणता पॉलिशवाला यावर जाड रंगाचा पडदा टाकत नाही. तो १२०, १८०, २२० असा चढत्या नंबरचा पॉलिश पेपर मारतो आणि टोकांना ३२० पर्यंत घासतो, म्हणजे ती कमी पितात. मधे ओलं फडकं फिरवून उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासतो. मग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारं अस्तर) भरपूर थिनरने पातळ करून एक हात देतो, त्याने लाकडाची तहान भागते. त्यानंतरच स्टेन, तोही लाकडात मुरणारा, आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून बघून. शेवटी रंग जुळवायला पारदर्शक कोटमध्ये थेंबभर स्टेन मिसळणं यात गैर काही नाही, फक्त खालच्या रेघा दिसल्या पाहिजेत. आमच्या टेबलावर एकही रेघ दिसत नव्हती.

एवढी मेहनत करायला वेळ लागतो. ती वाचवायची, वर लाकडातही वाचवायचं, आणि दोन्हींवर एकच गडद रंग फिरवायचा, असा हा धंदा आहे.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: रंग चढण्याआधी वर्कशॉपला जाऊन लाकूड बघा. जोडणी झालेलं, घासलेलं, कोरडं टेबल. ओलं फडकं फिरवून त्या आखूड रेघा शोधा, टॉर्च तिरका धरा, फोटो काढा. "आज पॉलिश चालू आहे, आता येऊ नका" असं कोणी म्हणालं तर पुढचा हप्ता थांबवा. नमुन्याचा तुकडा दुकानात ठेवू नका, त्यावर मालकाची सही घेऊन घरी आणा. पॉलिश सुरू करताना पीयूचे दोन डबे, बेस आणि हार्डनर, समोर उघडायला लावा. डब्यावर मिसळण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. डबा एकच निघाला तर ते दोन घटकांचं पीयू नाही. आणि झडीच्या दिवसांत पॉलिश करून घेऊच नका, लॅकर दमट हवेत पांढरं पडतं आणि पीयूच्या हार्डनरला ओल लागली की बुडबुडे येतात.

टेबलाचा खालचा भागही सीलबंद करायला सांगा, हे कोणी आपणहून करत नाही. बीच हवेतल्या ओलाव्याने सागवानापेक्षा कितीतरी जास्त फुगतं-आकसतं. वरून पॉलिश आणि खालून कोरडं ठेवलं तर फळी पन्हाळीसारखी वाकते. त्यात बीचला बुरशी आणि कीड लवकर लागते, त्यामुळे आपल्या हवेत उघडं राहिलेलं बीच म्हणजे उगाच जोखीम.

आमची खरी अडचण बिलाची झाली. बिलावर फक्त 'डायनिंग सेट' एवढंच होतं, लाकडाचं नाव नाही, पॉलिशचं नाही. व्हॉट्सॲपवरचं कोटेशन होतं म्हणून बोलता तरी आलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, उघड्या लाकडाचे आणि पुसलेल्या फडक्याचे फोटो जोडले. तोवर उडवाउडवी करणारा मालक मग स्वतःहून फोन करायला लागला. आधी म्हणाला पुन्हा पॉलिश करून देतो, ते आम्ही नाकारलं, कारण त्याने लाकूड बदलणार नव्हतं. शेवटी काही रक्कम परत मिळाली, सगळी नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं असतं तर वकील लावण्याची सक्ती नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, फक्त २ वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. बाबांचं वय आणि घरातली दुसरी दुखणी बघून आम्ही तिथे थांबलो. तुमच्याकडे कागद असतील तर तुम्ही थांबू नका.

टेबल आता कळव्याच्या एका पॉलिशवाल्याने खरवडून दिलं आहे. त्याला आधीच सांगितलं की हे रबरवूड आहे. त्याने रंग न लावता नुसतं पीयू मारलं, आणि बिलावर लाकडाचं नाव, पीयूची कंपनी आणि किती हात दिले ते लिहून दिलं. तुमच्या बिलावर निदान या तीन गोष्टी हव्यात: लाकूड, पॉलिशचा प्रकार, आणि खालची बाजू सील केली आहे की नाही.