सागाच्या बियाण्याची सीलबंद गोणी आणि तिच्यावरची चिठ्ठी

पूर्व विदर्भातील आमची छोटी रोपवाटिका शेतकऱ्यांना आणि पुनर्लागवडीची कामे घेणाऱ्यांना सागाच्या जड्या, म्हणजे रोप उपटून खोड-मूळ छाटून तयार केलेले लागवडीचे तुकडे, पुरवते. त्यासाठी लागणारे बियाणे आम्ही गेले काही हंगाम एका शासकीय बीजकेंद्राकडून घेत आहोत. केंद्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही. आपल्याकडे वनबियाण्याच्या प्रमाणीकरणाची घडीच अजून नीट बसलेली नाही, त्यामुळे एकट्या केंद्राला नावे ठेवून काही साधणार नाही. थोडक्यात सांगायचे तर माल चांगला आहे, माणसे कामाची आहेत आणि कागद मात्र अर्धाच भरलेला आहे. सागाच्या बाबतीत हा अर्धा कागद महागात पडू शकतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी मालाविषयी. गोणी तागाची, तोंड सुतळीने शिवलेले, त्यावर शिशाचे सील आणि आत-बाहेर एकेक चिठ्ठी. फळांवरचा फुग्यासारखा कागदी पापुद्रा चोळून पूर्ण काढलेला होता, काड्या-माती जवळपास नव्हती आणि बुरशीचा वास तर अजिबात नव्हता. खासगी व्यापाऱ्यांच्या गोणीत पापुद्र्यासकट फळे भरून वजन आणि आकार दोन्ही फुगवण्याची रीत आहे, त्यामानाने ही सफाई उल्लेखनीय म्हणावी लागेल. बियाणे ताब्यात घेताना आम्ही गोणीच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ फळे काढून सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, आडवी कापून पाहतो. सागाच्या कठीण कवचात चार कप्पे असतात. त्यांतील एखाद-दोन कप्प्यांत पांढरा, टपोरा गर दिसला म्हणजे फळ भरलेले, आणि चारही कप्पे कोरडे, तपकिरी दिसले म्हणजे ते पोकळ. पोकळ फळ बाहेरून हुबेहूब भरल्यासारखे दिसते, हाताला मात्र किंचित हलके लागते. या गोणीत पोकळ फळे निघाली, पण सागात ती निघतातच; तळातल्या आणि वरच्या फळांत फरक नव्हता, याचा अर्थ वर चांगला माल पसरून खाली रद्दी भरण्याचा प्रकार झालेला नव्हता.

उगवणीबाबत चिठ्ठीवर एक टक्केवारी छापलेली असते आणि ग्राहक नेमका तिच्यावरच भुलतो. सागाच्या एका फळातून एकही रोप येत नाही किंवा दोन-तीनही येतात, त्यामुळे शंभर फळांमागे किती फळे उगवली आणि शंभर फळांमागे किती रोपे मिळाली, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चिठ्ठीवरचा आकडा यांपैकी कोणता, ते लिहिलेले नाही. शिवाय सागाच्या ताज्या बियाण्यात सुप्तावस्था असते, म्हणजे ते काही काळ उगवायचे थांबून राहते. वर्षभर साठवलेले बियाणे बहुधा जास्त चांगले उगवते. म्हणून बियाणे कोणत्या हंगामात गोळा केले हे कळणे फार गरजेचे आहे, आणि चिठ्ठीवर तारीख आहे ती गोणी भरल्याची. बारा तास भिजवणे आणि दिवसभर उन्हात वाळवणे हे चक्र आठवडा-दोन आठवडे चालवून आम्ही बी गादीवाफ्यावर टाकले. उगवण समाधानकारक होती, पण नेहमीप्रमाणे ती एकदम न होता हप्त्याहप्त्याने होत राहिली. केंद्राने टक्केवारीऐवजी ‘एका किलोपासून लागवडीयोग्य रोपे किती’ हा आकडा दिला, तर रोपवाटिकाधारकाला हिशेब बांधता येईल. किलोला साधारण दोन हजार फळे धरली, तरी त्यातून जडी होण्याजोगी रोपे किती कमी निघतात, हे ज्याने वाफे उपटले आहेत त्यालाच ठाऊक.

उगवण मात्र महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांना दिसते. त्यात फसवणूक झाली तर त्याच हंगामात विक्रेत्याला जाब विचारता येतो. बियाणे कोणत्या झाडांचे, हे वाफ्यावर दिसत नाही, जडीत दिसत नाही आणि लागवडीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतही धड दिसत नाही. सागाला फुलोरा येतो तो शेंड्याला. ज्या झाडाला लहान वयात फुलोरा येतो, त्याच्या शेंड्याची सरळ वाढ तिथेच थांबते आणि बाजूच्या कळ्या फुटून खोड दुभंगते. असे झाड लवकर आणि भरपूर फळते, त्याच्या फांद्या खाली असतात आणि ते बहुधा रस्त्याच्या किंवा शेताच्या कडेला मोकळ्या उजेडात उभे असते, म्हणजे फळे गोळा करायला सर्वांत सोपे. लवकर फुलण्याचा गुण पुढच्या पिढीत उतरतो. तेव्हा किलोवर मजुरी घेऊन बियाणे गोळा करणारा माणूस, कोणताही वाईट हेतू नसताना, दुभंगणाऱ्या खोडांची निवड करत जातो. उंच, सरळसोट, उशिरा फुलणाऱ्या झाडाची फळे गोळा करायला कष्ट जास्त आणि हाती येणारा माल कमी. या दोन प्रकारच्या बियाण्यांत कापून, भिजवून किंवा प्रयोगशाळेत पाठवूनही साध्या ग्राहकाला फरक ओळखता येत नाही. तो फरक फक्त कागद सांगू शकतो, आणि म्हणून मी या चिठ्ठीकडे बियाण्याइतक्याच बारकाईने पाहतो.

दुसरा प्रश्न मूळ प्रदेशाचा. केरळातील नीलांबूरचा साग प्रसिद्ध आहे. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली आणि वनाधिकारी चातू मेनन यांनी तेथे केलेली लागवड आजही दाखवली जाते. नीलांबूरचे बियाणे म्हणून काही व्यापारी आपल्याकडे चढ्या दराने माल विकतात. तिथला पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर, आपला बाराशे ते पंधराशे, त्यातही आठ महिने जवळजवळ कोरडे. दमट किनारी प्रदेशातला साग आणि मध्य भारताच्या कोरड्या पट्ट्यातला साग यांची वाढ, खोडाचा आकार आणि दुष्काळ सोसण्याची ताकद वेगवेगळी असते, हे १९७० च्या दशकात अनेक देशांत डॅनिश वनबीज केंद्राच्या पुढाकाराने लावलेल्या उगमस्थान-चाचण्यांतून, म्हणजे ठिकठिकाणचे बियाणे शेजारी लावून केलेल्या तुलनेतून, स्पष्ट झालेले आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून साग पाठवला गेला. अशा लाकडासाठी नावाजलेली गडचिरोलीतील आलापल्लीची जंगले दाराशी असताना नीलांबूरच्या नावाचा मोह का पडावा, हे मला न उलगडलेले कोडे आहे. या केंद्राचे बियाणे स्थानिक आहे, ही त्याची सर्वांत जमेची बाजू.

आता प्रत्यक्ष चिठ्ठी. तिच्यावर प्रजातीचे नाव, लॉट (एकत्र गोळा केलेल्या बियाण्याचा साठा) क्रमांक, वनविभाग, परिक्षेत्र आणि जंगलातील कक्ष क्रमांक आहे, आणि ‘बीजोत्पादन क्षेत्र’ असा शेरा आहे. कक्ष क्रमांकापर्यंत माहिती देणे हे आपल्याकडच्या रिवाजाच्या मानाने बरेच पुढचे पाऊल आहे. बाजारात ‘चंद्रपूर साग’ एवढ्यावर सौदे होतात. बीजोत्पादन क्षेत्र म्हणजे चांगल्या वाढीचा एखादा उभा पट्टा निवडून त्यातली वाकडी, दुभंगलेली, रोगट झाडे आधी काढून टाकायची, म्हणजे त्यांचा परागही उरलेल्या झाडांपर्यंत पोहोचत नाही. ही छाटणी केव्हा झाली, झाली की नुसतीच पाटी लागली, याचा चिठ्ठीवर उल्लेख नाही. बियाणे किती झाडांवरून घेतले, तेही नाही. निदान पंचवीस-तीस झाडे, तीही एकमेकांपासून पन्नास ते शंभर मीटर अंतरावरची, हा वनबीज संकलनाचा सर्वमान्य दंडक आहे. चार-पाच झाडांवरच गोणी भरली गेली असेल, तर पुढची सगळी लागवड सख्ख्या-सावत्र भावंडांची होईल. केंद्रातील कर्मचाऱ्याला विचारले असता त्याने नोंदवही काढून झाडांना घातलेले क्रमांक दाखवले. म्हणजे माहिती आहे, ती ग्राहकाच्या हातात पडत नाही एवढेच.

या ढिलाईचे मूळ कायद्यात आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यातील व्याख्येत अन्नपिके, गळीत धान्ये, फळे, भाजीपाला, कापूस, वैरण आणि ताग येतात; वनवृक्षांचे बियाणे त्यात नाही. त्यामुळे सोयाबीनच्या पिशवीवर जी चिठ्ठी लागते, ती सागाच्या गोणीला लागत नाही. याउलट युरोपात युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार आणि ब्रिटनमध्ये २००२ च्या नियमांनुसार मुख्य वनप्रजातींचे बियाणे नोंदणीकृत स्रोतातूनच विकता येते, आणि चिठ्ठीचा रंगच दर्जा सांगतो: पिवळी म्हणजे केवळ ठिकाण माहीत, हिरवी म्हणजे पट्टा पारखून निवडलेला, गुलाबी म्हणजे बियाण्यासाठीच लावलेल्या निवडक झाडांच्या बागेतले, अर्थात बीजोद्यानातले, आणि निळी म्हणजे संततीच्या चाचण्यांत सिद्ध झालेले. प्रत्येक लॉटला एक मूळ प्रमाणपत्र असते आणि त्याचा क्रमांक बियाण्यापासून रोपापर्यंत आणि रोपवाटिकेपासून लागवड करणाऱ्यापर्यंत प्रत्येक कागदावर चालत जातो. या फूटपट्टीने आमच्या गोणीला मी हिरवी चिठ्ठी देईन, पण छाटणीचा पुरावा दाखवल्यावर. आपल्याकडे ‘क्लोनल बीजोद्यानाचे’ (निवडक झाडांची कलमे लावून केलेल्या बीजोद्यानाचे) म्हणून सांगितला जाणारा माल जवळपास गुलाबी चिठ्ठीच्या तोडीचा धरावा लागेल. मात्र सागाच्या बीजोद्यानांत फळधारणा कमी होते ही जुनी तक्रार आहे, तेव्हा असा माल पाहिजे तितके क्विंटल देतो म्हणणाऱ्याकडे संशयानेच पाहावे.

सेवेतला खरा दोष विक्रीच्या टेबलावर आहे. पूर्ण गोणी घेतली तर लॉट क्रमांक चिठ्ठीवर मिळतो, पण पाच-दहा किलो मागणाऱ्या शेतकऱ्याला गोणी फोडून साध्या पिशवीत बियाणे मोजून दिले जाते आणि पावतीवर फक्त ‘साग बियाणे’, वजन आणि रक्कम येते. सील, चिठ्ठी आणि नोंदवही यांवर घेतलेली सगळी मेहनत त्या पिशवीपाशी संपते. एका हंगामात आमच्या दोन गोण्या वेगवेगळ्या लॉटच्या असूनही पावती एकत्रच फाडली गेली. आम्ही हट्ट धरल्यावर तिच्या मागे दोन्ही क्रमांक हाताने लिहून शिक्का मारून मिळाला. वागणूक मात्र सौजन्याची होती, बियाणे ठरल्या दिवशी मिळाले आणि दर खासगी बाजारापेक्षा चढा असला तरी सफाई पाहता रास्त वाटला.

ज्यांना दोन-चार एकर शेताच्या बांधावर साग लावायचा आहे, त्यांनीही या केंद्रासारख्या ठिकाणाहून पूर्ण गोणी चौघांत मिळून घ्यावी आणि चिठ्ठीची छायाप्रत प्रत्येकाने ठेवावी. आम्ही आता जड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला लॉट क्रमांकाची पट्टी बांधून विकतो. ग्राहक अजून तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. पुढच्या हंगामाची मागणी आम्ही याच केंद्राकडे नोंदवली असून, संकलनाचे वर्ष, मातृवृक्षांची संख्या आणि छाटणीची तारीख पावतीसोबत द्यावी, अशी लेखी विनंती अर्जाला जोडली आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.