आयएमएसएलपी: लहान ऑर्केस्ट्राला किती पुरतं?

तीसेक वादकांचा ऑर्केस्ट्रा चालवायचा म्हटलं की पार्टचा खर्च लगेच समोर उभा राहतो. प्रत्येक स्टँडवर त्या-त्या वाद्यापुरती लिहिलेली प्रत लागते. ती प्रकाशकाकडून विकत घ्यायची तर परकीय चलन, टपाल आणि कस्टम आलं. भाड्याने आणली तर मैफल झाली की परत करायची. म्हणून पुणे, मुंबई, पणजी कुठेही शोध सुरू होतो तो आयएमएसएलपीवर, म्हणजे इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्टवर. एडवर्ड गुओने २००६ साली सुरू केलेल्या या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेल्या रचनांचे स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) आणि पार्ट पीडीएफमध्ये मिळतात. सभासद नसलात तर फाइलीआधी १५ सेकंद थांबावं लागतं, एवढाच त्रास.

लहान ऑर्केस्ट्राला आणि कलाव्यवस्थापनाच्या वर्गाला याहून उपयोगी फुकट सेवा आम्हाला माहीत नाही. पण फुकट मिळतात ती पानं. ती वाजवण्याजोगी करण्याचं, ऑर्केस्ट्राच्या प्रती सांभाळणाऱ्या लायब्ररियनचं काम उरतंच, आणि अंदाजपत्रकात त्याचे पैसे धरले नाहीत तर त्याची किंमत पहिली तालीम मोजते.

उदाहरणाला शुबर्टची पाचवी सिंफनी घ्या. १८१६ची ही रचना लहान संचासाठी फार सोयीची आहे: एक फ्लूट, दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, टिंपनी काही नाही. तंतुवाद्यांचे वादक ८-६-४-४-२ (पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, चेलो, डबल बास) असे बसवले, तर एका स्टँडवर दोघे या हिशेबाने १२ प्रती होतात, फुंकवाद्यांच्या ७. म्हणजे १९ पार्ट आणि कंडक्टरचा स्कोअर. घरच्या सरावासाठी तंतुवाद्यांच्या आणखी १२ प्रती काढाव्यात, नाहीतर एका स्टँडवरच्या दोघांपैकी एकजण रिकाम्या हाताने घरी जातो.

अडचण सुरू होते ती छपाईला. ए-फोरवर काढलेला पार्ट हातात छान दिसतो. स्टँडवर दोघांच्या मध्ये, हातभर लांबून, तो वाचता येत नाही. जुने पार्ट मुळात मोठ्या कागदावरचे असतात आणि प्रिंटरचं ‘फिट टू पेज’ त्यांना दाबून बसवतं. पट्टी घ्या आणि पाच रेघांच्या ओळीची उंची मोजा. खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत ८ मिलिमीटर भरली तर उत्तम. ७ च्या खाली असेल तर तो पार्ट वाटूच नका. डिजिटल प्रेसवाल्याकडे १२ बाय १८ इंची कागद असतो. तो मधोमध दुमडला की ९ बाय १२ इंचाचं पान मिळतं, आणि स्टँडला हेच माप शोभतं. कागद १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) सांगा. झेरॉक्सच्या ७० जीएसएम कागदावर स्टँडच्या दिव्याखाली मागच्या पानावरचे स्वर पुढे दिसतात, आणि पंख्याच्या वाऱ्याने पान उडतं ते वेगळंच. पानं ४ च्या पटीत जुळवून मधोमध पिन मारायची. पान उलटण्याची जागा धावत्या स्वरांत येत असेल तर सुरुवातीला एक कोरं पान घाला; डावं-उजवं बदलतं आणि बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

दुसरी गफलत आवृत्त्यांची. स्कोअर एका प्रकाशनाचा, पार्ट दुसऱ्याचे, असं इथे सर्रास घडतं. तालमीत जागा सांगायला स्कोअरवर अक्षरं छापलेली असतात. मग कंडक्टर म्हणतो ‘सी’पासून, आणि व्हिओलांच्या पार्टमध्ये ‘सी’ भलतीकडेच असतो, किंवा मुळी अक्षरंच नसतात. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीने बारचा (उभ्या रेघांमधल्या तालाच्या घराचा) क्रमांक लिहायचा, आणि पुनरावृत्तीचे बार एकदाच मोजायचे हे आधी ठरवायचं. ही एक प्रत पूर्ण झाली की मगच झेरॉक्स काढायची.

मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीत तर खरा खड्डा आहे. तिचे दोन पाठ, म्हणजे मोत्सार्टनेच लिहिलेली दोन रूपं आहेत, क्लॅरिनेटशिवाय आणि क्लॅरिनेटसह. दुसऱ्या पाठात मोत्सार्टने ओबोच्या ओळी बदलून बराच भाग क्लॅरिनेटकडे दिला. क्लॅरिनेट नाहीत म्हणून ते पार्ट नुसते बाजूला ठेवले आणि ओबोचे दुसऱ्या पाठाचेच राहिले, तर मधले सूर गायब होतात. रचनेच्या पानावर कोणता पाठ आहे ते तपासल्याशिवाय डाउनलोड करू नये.

हॉर्नवाल्यांची गोष्टही तशीच. शुबर्टमध्ये पार्ट पहिल्या भागात बी-फ्लॅटच्या हॉर्नसाठी लिहिलेला, दुसऱ्यात ई-फ्लॅटच्या. आजचं वाद्य एफचं, म्हणून लिहिलेला स्वर जसाच्या तसा वाजवून चालत नाही. अनुभवी वादक बघता बघता स्वर बदलतो. विद्यार्थी असेल तर बदलून लिहिलेला पार्ट आधी द्यायलाच हवा. बोइंगच्या, म्हणजे गज कोणत्या दिशेने ओढायचा याच्या खुणा संकेतस्थळावरच्या प्रतींवर क्वचितच कामाच्या असतात. त्यासाठी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या डिजिटल संग्रहातले खुणा केलेले पार्ट पाहावेत, तेही फुकट आहेत. मग कॉन्सर्टमास्टरने (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाने) खुणा केलेली प्रत पहिल्या तालमीच्या दोन आठवडे आधी सगळ्यांपर्यंत पोचवावी.

कलाव्यवस्थापन शिकवणाऱ्यांना तर हे संकेतस्थळ आयतं साहित्य देतं. वर्गात बेथोवेनची पाचवी उघडा आणि विचारा: कोण, कधी, किती वाजवतं? पिकोलो, कॉन्ट्राबसून आणि तीन ट्रॉम्बोन फक्त चौथ्या भागात आहेत. पण तिसऱ्यातून चौथा भाग न थांबता सुरू होतो, त्यामुळे ते पाचजण आधीच मंचावर हवेत. त्यांचं मानधन, प्रवास, खुर्च्या, आणि त्यांना तालमीच्या शेवटच्या तासालाच बोलवायचं की नाही, हे सगळं विद्यार्थ्यांना या एका स्कोअरमधून मांडता येतं. असा धडा तक्त्यांवरून शिकवून येत नाही.

सगळ्यात सांभाळायचं ते कायद्याचं. रचनांवरच्या हक्काच्या खुणा कॅनडा, अमेरिका आणि युरोपपुरत्या आहेत. भारताचा हिशेब तुम्हालाच करायचा आहे. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. सिबेलियस १९५७ साली गेला, म्हणून २०१८ पासून इथे मोकळा. स्ट्राविन्स्की १९७१ साली गेला. कॅनडात तो मोकळा आहे, म्हणून फाइल उघडते, पण भारतात २०३१ संपेपर्यंत नाही. संपादकाचा आणि अरेंजरचा (रचना वाद्यांसाठी बांधून लिहिणाऱ्याचा) हक्क वेगळा, तोही पाहायचा. मूळ गोव्याच्या सेबॅस्टियन डिसूझांसारख्या अरेंजरांचं हिंदी चित्रपटातलं काम याच कारणाने या संकेतस्थळावर शोधून उपयोग नाही, आणि आपल्या ऑर्केस्ट्रांना ते वाजवावंसं वाटतं म्हणून ही उणीव फार जाणवते. ते वाजवायचं तर हक्कधारकाची परवानगी घेऊन रेकॉर्ड ऐकत पार्ट नव्याने लिहून काढावे लागतात, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याला एक-दोन महिने आधी गाठावं लागतं.