मागच्या डिफरन्शियलचा आवाज: रस्त्यावर ऐकावा की गाडी उचलून पाहावी?

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरपेटी. तिचा आवाज तपासताना माझा कौल आधी रस्त्याला. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगात ॲक्सिलरेटर दाबल्यावर घरघर वाढली आणि पाय काढताच ती विरली किंवा तिचा सूर बदलला, तर संशय क्राउन-पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीच्या, दातांवर जातो. वळणावर भार एका बाजूला गेल्यावर आवाज बदलला, तर बहुधा चाकाचे बेअरिंग दोषी असते. टायरचा आवाज डांबरी आणि काँक्रीट रस्त्यावर वेगळा येतो, डिफरन्शियलचा मात्र तसाच राहतो. घाईत नेमके हेच तपासायचे राहते.

लिफ्टवर गिअरवर भार नसल्याने दातांची तक्रार दबून राहते. तिथे थरथरीचे मूळ सापडते: प्रॉपेलर शाफ्ट (डिफरन्शियलकडे ताकद नेणारा लांब दांडा) हाताने हलवला की युनिव्हर्सल जॉइंटमधली, म्हणजे त्याच्या वळत्या सांध्यातली, ढिलाई लगेच जाणवते. ड्रेन प्लगच्या (डिफरन्शियलचे तेल काढायच्या बुचाच्या) चुंबकावर बारीक राखाडी लेप असला तर चालतो, पण धातूचे तुकडे आढळल्यास डिफरन्शियल उघडावेच लागते. फोर-व्हील ड्राइव्ह लावून चाके इंजिनावर फिरवायची असतील, तर चारही चाके अधांतरी हवीत. केवळ मागची उचलली, तर पुढची चाके गाडी स्टँडवरून खाली ओढतात.