‘राजी’ : खेळायला झकास, गोष्ट लिहिताना जपून
शाळेच्या कथालेखनासाठी उसनं कथानक हवं असेल, तर ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमचा पाया पक्का आहे. राखीपौर्णिमेचा उत्सव, असुरांचा हल्ला, धाकटा भाऊ गोलू पळवला जातो, बहीण राजी त्याच्या शोधात निघते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा हा गेम चालतो मारामारीवर, आणि मुलं नेमकी तिथेच फसतात. ‘मग तिने त्रिशूळ मारला, मग दुसरा असुर आला’ करत दीड पान भरतं. बटणं दाबण्यातली गंमत कागदावर उतरत नाही. लढाई एकच ठेवा, तीही चार ओळींत. उरलेली जागा बहिणीच्या मुठीत चुरगळलेल्या राखीला द्या. नावं बदला. दुर्गा-विष्णूंचं निवेदन काढून बहिणीलाच बोलू द्या. शेवट मात्र स्वतःचा लिहा. गेमचा घाईत गुंडाळलाय.