पिग्मी: व्याज कमी, पण माणूस दारात येतो

पिग्मी म्हणजे एजंट रोज दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करतो ती ठेव. पगार थेट बँक खात्यात जमा होत असेल तर ती उघडू नका. रोज संध्याकाळी हातात रोकड पडत असेल, म्हणजे किनाऱ्यावरच्या शॅकमधली (तात्पुरत्या खानावळीतली) टीप, मोटारसायकल पायलटचं (दुचाकी टॅक्सीवाल्याचं) भाडं, गाड्यावरचा गल्ला, सलूनमधलं कमिशन, तर पिग्मीइतकी कामाची ठेव दुसरी नाही. निकाल एवढाच आहे. मात्र दोन्ही बाजूंना अपवाद आहेत आणि विशी-पंचविशीतली मुलं नेमकी त्या अपवादांत अडकतात.

योजना मूळची उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या तिथल्या बँकेने १९२८ साली रोज दोन आण्यांपासून दारोदार पैसे गोळा करायला सुरुवात केली. ती बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हे नाव सगळ्यांचंच झालं. गोव्यात आज हे काम मुख्यतः क्रेडिट सोसायट्या आणि काही नागरी सहकारी बँका करतात. फोंडा, डिचोली, साखळी, म्हापसा, पेडणे, कुठल्याही बाजारात बसणाऱ्याला पिग्मीवाला ठाऊक असतो.

व्यवहार असा चालतो. आधार, पॅन, दोन फोटो, नामनिर्देशन आणि सोसायटी असेल तर सभासद फी. पॅन नसेल तर तसं घोषणापत्र भरून घेतात. रोजचा आकडा तुम्ही ठरवता, ५०, १०० किंवा २००, आणि एखादा दिवस चुकला तर दंड नसतो. एजंट छोट्या मशीनवर रक्कम टाकतो, पावती निघते, संध्याकाळी शाखेत मशीनचा हिशेब जुळवला जातो आणि मग एसएमएस येतो. मुदत साधारण वर्षाची. सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याज नाही आणि वर जमा रकमेतून कपात. ही कपात ३ टक्के किंवा त्याहून जास्तही असते. सहा महिने झाल्यावर बहुतेक ठिकाणी कपात नाही, व्याज मात्र अगदी थोडं. प्रत्येक संस्थेचे आकडे वेगळे, म्हणून फॉर्मच्या मागच्या पानावरच्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात. एजंटला तोंडी विचारलं तर तो हमखास म्हणतो, ‘कधीही काढता येतात’. काढता येतात हे खरं, कपातीचं तो सांगत नाही.

व्याजाचं गणित करू. रोज १०० रुपये, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे महिन्याला २,६०० आणि वर्षाला ३१,२००. पिग्मीला साडेतीन टक्के धरले तर वर्षाचं व्याज येतं ५५० रुपयांच्या आसपास, कारण रोज भरलेले पैसे सरासरी सहा महिनेच संस्थेकडे असतात. तेच २,६०० रुपये दरमहा बँकेच्या आरडीत (दरमहा ठराविक हप्ता भरायच्या ठेवीत) साडेसहा टक्क्यांनी टाकले तर ११०० च्या थोडं वर. फरक वर्षाला पाच-साडेपाचशे रुपयांचा. एवढे पैसे एजंटच्या फेऱ्यांना द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न. शिवाय बऱ्याच संस्था व्याज महिन्यातल्या किमान शिलकीवर मोजतात. त्यामुळे एजंट ‘आठवड्याचे एकदम द्या’ किंवा ‘महिनाअखेर घेतो’ म्हणाला आणि रक्कम पुढच्या महिन्यात गेली तर तुमचं व्याज आणखी घसरतं, आणि रोजची सवय लागण्याचा मूळ हेतूही संपतो.

व्याज इतकं कमी का, हे समजून घेण्यासारखं आहे. एजंटचं कमिशन गोळा केलेल्या रकमेवर असतं, समजा ३ टक्के. तो पैसा संस्थेकडे सरासरी सहा महिने राहतो, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने कमिशनच सहा टक्के पडतं. त्यात तुमचे साडेतीन टक्के मिळवा. साडेनऊ टक्क्यांना पडलेला पैसा संस्थेला त्याहून चढ्या दराने कर्जाऊ द्यावाच लागतो. म्हणून पिग्मीवर कोणी सात-आठ टक्के देऊ करत असेल तर खूश होऊ नका. ती संस्था कर्ज कोणाला आणि कोणत्या दराने देते ते आधी विचारा.

सीझनवर काम करणाऱ्यांनी तारखेकडे सर्वात जास्त लक्ष द्यावं. किनाऱ्यावरचे शॅक ऑक्टोबरच्या सुमारास उभे राहतात आणि मे अखेरीस उतरवले जातात. पैशांची चणचण जून ते सप्टेंबर, त्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. पिग्मी ऑक्टोबरमध्ये उघडली तर एप्रिलमध्ये सहा महिने पूर्ण होतात, जूनमध्ये कपात न होता पैसे हातात येतात. तीच पिग्मी ‘नवीन वर्षापासून बचत करू’ म्हणून जानेवारीत उघडली तर जूनमध्ये पाचच महिने झालेले असतात. रोज २०० प्रमाणे पाच महिन्यांत २६,००० साठले असतील तर ३ टक्क्यांनी ७८० रुपये जातात आणि व्याज शून्य. मग जुलैपर्यंत कळ काढावी लागते, तीसुद्धा कमाई बंद असताना. उशीर झालाच असेल तर रोजची रक्कम निम्मी ठेवा आणि बाकीची बचत खात्यात राहू द्या. बचत खात्यावर मोठ्या बँका अडीच टक्क्यांच्या आसपास देतात; पिग्मीपेक्षा फार मागे नाहीत आणि मोडतोडीचा प्रश्न नाही.

आता वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या कारखान्यांत लागलेल्या मुलामुलींचं. पगार खात्यात येतो, तिथून एटीएममधून काढून पिग्मीवाल्याला देणं म्हणजे उलटा व्यवहार. यांच्यासाठी आरडी. त्याच बँकेत, मोबाईल अॅपवरून, पगारानंतर दोन-तीन दिवसांची तारीख टाकून. पगार ७ ला येतो म्हणून ७ चीच तारीख टाकू नका. कंत्राटदाराचा पगार दोन दिवस लांबतोच. ५ तारीख टाकणारेही आहेत, आणि दर महिन्याला त्यांचा हप्ता चुकतो.

रक्कम ठरवताना नेहमीची चूक अशी की, ज्या महिन्यात ओव्हरटाईम भरपूर झाला त्या महिन्याच्या स्लिपवरून आकडा काढला जातो. हातात १८,००० आले म्हणून ५,००० ची आरडी. पुढच्या महिन्यात ओटी नाही, हजेरी बोनस कापला, पगार १४,०००. घरी द्यायचे, पेट्रोल, रिचार्ज, कँटीन हे सगळं गेल्यावर ५,००० शिल्लक उरत नाहीत आणि तिसऱ्या महिन्यात आरडी मोडली जाते. ओटी आणि बोनस वगळून मूळ हातात येणारा पगार धरा आणि त्यावर हप्ता बसवा. अशा पगाराला २,००० ते २,५०० झेपतात. ओटीचे पैसे आले की त्यांतले अर्धे खुशाल उडवा. ते आरडीत घालण्याचा हट्ट धरला तर आरडीही जाते आणि मजाही.

कंत्राटावर असाल तर मुदतही जपून निवडा. कंत्राट अकरा महिन्यांचं आणि आरडी बारा महिन्यांची, असं झालं तर शेवटचा हप्ता नेमका बिनपगाराच्या महिन्यात येतो. बऱ्याच बँकांत सहा आणि नऊ महिन्यांच्या आरड्या मिळतात, नऊची घ्यावी. काही बँका मात्र बारा महिन्यांच्या खाली उघडतच नाहीत, ते आधी पाहा. चवथीसाठी साठवत असाल तर शेवट सणाच्या पंधरवडाभर आधी यायला हवा. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि २०२७ ची ४ सप्टेंबरला. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान, कपडे, फटाके हा खर्च आदल्या आठवड्यातच होतो. मुदत सणाच्या दिवशी संपली तर काही उपयोग नाही.

पोस्टाची आरडी वेगळ्या स्वभावाची. पाच वर्षं, किमान १०० रुपये, व्याज ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के, तिमाही चक्रवाढ. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडलं त्या दिवशीचा दर शेवटपर्यंत राहतो. दरमहा २,००० भरले तर १,२०,००० चे सुमारे १,४२,७०० होतात. चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे महिन्याला १ रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि ते जिवंत करायला दोन महिने मिळतात. अडचण बाहेर पडण्यात आहे. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि त्यानंतर मोडली तर व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्के. तीन वर्षांनी ७२,००० वर जवळपास आठ हजारांऐवजी साडेचार हजारांच्या आसपास व्याज मिळतं. मात्र बारा हप्ते भरल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त. मोडण्यापेक्षा हे बरं.

शॅकवाल्यांना पोस्टाची एक सोय फारशी ठाऊक नसते. हप्ते आगाऊ भरता येतात. सहा महिन्यांचे एकदम भरले तर शंभरामागे १० रुपये सूट, बारा महिन्यांचे भरले तर ४० रुपये. १,००० ची आरडी असेल तर मे महिन्यात सहा हप्ते भरून १०० रुपये वाचतात आणि पावसाळाभर हप्त्याची चिंता नाही. खिडकीवर स्वतःहून सांगावं लागतं, नाहीतर साधा एक हप्ता घेऊन पासबुक परत देतात.

हप्त्यावर मोबाईल घ्यायचा की साठवून, याचा निवाडा दंडाकडे पाहून करा. २,००० ची बँकेची आरडी एक महिना चुकली तर दंड तीसेक रुपये. २,००० चा मोबाईलचा ईएमआय चुकला तर कर्ज देणारा आणि तुमची बँक दोघेही शेकड्यांत वसूल करतात, वर जीएसटी, आणि सिबिलवर डाग. पुढे दुचाकीचं कर्ज मागायला जाल तेव्हा तो डाग समोर येतो. ‘नो कॉस्ट’ ईएमआय असेल तर दुकानात रोख किंमत वेगळी विचारा. प्रोसेसिंग फी आणि हुकलेली रोख सूट मिळून ‘नो’ कुठे गेला ते कळतं.

रोज दहा-वीस रुपयांचं डिजिटल सोनं घेणारी अॅपं ही नवी पिग्मी म्हणून खपवली जातात. खरेदीवर ३ टक्के जीएसटी, शिवाय खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, म्हणजे पहिल्याच दिवशी घाटा. सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे आपल्या नियमनाखाली येत नाही असं जाहीर सांगितलं आहे. भिशीबद्दल लिहायचं कारण नाही. ओळखीत चालते आणि ओळखीतच बुडते.

सुरक्षिततेत बँक आणि सोसायटी यांत मोठा फरक आहे. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा संस्थेचा विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत, व्याज आणि सगळ्या शाखा धरून. क्रेडिट सोसायटीला हा विमा नाही, पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. त्या बँका होत्या, म्हणून विम्याचा आधार तरी होता. सोसायटी निवडताना वार्षिक अहवाल मागा, त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकीत कर्जाचा आकडा असतो. अहवाल द्यायला का-कू करत असतील तर दुसरी सोसायटी बघा. आणि पिग्मीत वर्षभरापेक्षा जास्त पैसे ठेवू नका. मुदत संपली की रक्कम विमा असलेल्या बँकेत हलवा.

तरीही सोसायटीची पिग्मी पूर्ण टाकाऊ का नाही, तर कर्जामुळे. ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, त्याला बँक दारातून परत पाठवते. वर्षभर रोज न चुकता भरलेली पिग्मी पाहून सोसायटी गाड्याच्या शेगडीसाठी किंवा जुन्या स्कूटरसाठी कर्ज देते, जामीनदार मात्र लागतात. ठेवीच्या तारणावरचं कर्ज वेगळं, ते शिलकीच्या ठराविक टक्क्यांपर्यंत लगेच मिळतं. पंचवीस वर्षांच्या गाडेवाल्याला पाचशे रुपये व्याजाच्या बदल्यात ही पत मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

फसवणूक होते ती बहुधा पावतीत. मशीन बिघडलं म्हणून एजंट कार्डावर हाताने आकडा लिहितो आणि तो शाखेत पोचतच नाही. यूपीआयने द्यायचं असेल तर संस्थेच्या क्यूआरवरच द्या, एजंटच्या स्वतःच्या नंबरवर कधीच नाही. ते त्याला दिलेले पैसे म्हणून धरले जाऊ शकतात, संस्थेला नव्हे. पावतीवर खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे आणि एकूण शिल्लक बघा, दिवसाची रक्कम तर बरोबर असतेच. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन पासबुक छापून घ्या. एसएमएस दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी शाखेला फोन करा.

बंद करायचा अर्ज एजंटकडे देऊ नका. तो नेतो, पण विसरतो, कारण खातं बंद झालं की त्याचं कमिशन जातं. शाखेत स्वतः द्या, पोच घ्या, शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या पावत्या सोबत न्या, कारण ती रक्कम कधी कधी चढलेली नसते. पैसे रोख न घेता बँक खात्यात मागा. त्याच काउंटरवर नव्या खात्याचा फॉर्म पुढे सरकवतात; महिना मे असेल तर तो घरी घेऊन या आणि ऑक्टोबरमध्ये भरा.