आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आणि एनजीसी 3115

दीर्घिका पाहण्यासाठी म्हणून दुर्बीण घेणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशाच पडते, कारण छायाचित्रांत डौलाने उलगडलेल्या सर्पिल भुजा नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, धुरकट डागासारख्या दिसतात. म्हणूनच 203 मिलिमीटर व्यासाचा आरसा आणि 1200 मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या माझ्या डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरच्या) दुर्बिणीची परीक्षा मी एनजीसी 3115 या भिंगाकार दीर्घिकेवर घेतली. हिला मुळात भुजाच नाहीत.

परीक्षेत दुर्बीण उत्तम उतरली. 25 मिलिमीटरच्या नेत्रिकेतून, म्हणजे 48 पट वर्धनाला, प्रकाशाची एक बारीक तिरपी रेघ चटकन नजरेत भरते. 10 मिलिमीटरची नेत्रिका लावल्यावर मधला तेजस्वी फुगवटा आणि दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली टोके स्वच्छ दिसतात. सूत कातायच्या चातीशी हिची तुलना का होते, ते तिथे कळते. इतर दीर्घिका 120 पटीला विझल्यासारख्या होतात, ही होत नाही. सुमारे 3 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या फुगवट्याच्या केंद्रात अब्जभर सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. दिसत अर्थातच नाही.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी 22 फेब्रुवारी 1787 रोजी ही दीर्घिका शोधली, तेव्हा त्यांच्या 18.7 इंची आरशाचा धातू पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग गिळून टाकत असे. माझा आरसा निम्म्याहूनही लहान आहे, पण त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर बराच अधिक प्रकाश परत फेकतो.

बैठक मात्र सदोष आहे. नळी आडवी फिरवताना आधी अडते आणि मग एकदम उसळते, त्यामुळे मोठ्या वर्धनाला दीर्घिका वारंवार हातची जाते. नेम धरायची छोटी शोधक दुर्बीण सरळ नळीची असल्याने मानही अवघडते.

यावर मी हर्शेल यांचीच रीत वापरतो. वासुकी तारकासमूहातील अलफार्ड तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, आला की तो दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर घ्यायचा, नळी उत्तरेकडे जेमतेम एक अंश सरकवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. पृथ्वीच्या फिरण्याने साधारण साडेसदतीस मिनिटांनी ती चाती आपसूक नेत्रिकेत येते.