गॅस तोडायचा कशाने: केबलचा व्हॉल्व्ह की सोलेनॉइड?

हॉटेलच्या किचनमध्ये हुडखालची वेट केमिकल यंत्रणा, म्हणजे आग लागली की चुलींवर द्रव रसायन फवारणारी यंत्रणा ठरते, नोझल कुठे येणार तेही ठरतं, आणि घोडं अडतं गॅसच्या व्हॉल्व्हपाशी. यंत्रणा सुटली, म्हणजे फवारणी सुरू झाली, की हुडखालच्या उपकरणांचा गॅस आणि वीज आपोआप तुटली पाहिजे, आणि हाताने रीसेट केल्याशिवाय परत येता कामा नये. एनएफपीए 96 या व्यावसायिक किचनसाठीच्या अमेरिकन अग्निसुरक्षा मानकाची ही अट नीट बसवलेले दोन्ही प्रकार पाळतात: यंत्रणेला केबलने जोडलेला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आणि विजेने उघडा राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. फ्रायरचं तेल साधारण 360 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ठिणगीशिवायही पेटतं. खाली बर्नर चालूच राहिला, तर वर फेसाचा थर धरूनही ते पुन्हा भडकू शकतं.

सोलेनॉइड बसवायला सोपा. वायर हवी तशी फिरवता येते, गॅस डिटेक्टर जोडता येतो, एक्झॉस्ट बंद तर गॅस बंद असा इंटरलॉकही करता येतो. वीज गेली की तो मिटतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मला नडलं तेच. दिवे नुसते लुकलुकले तरी गॅस जातो. मग सगळ्या बर्नरचे कॉक बंद आहेत का पाहा, रीसेट दाबा, एकेक पायलट पेटवा, तेही ऐन ऑर्डरींच्या गर्दीत. हे रोजचं झालं की कॉक न बघताच बटण दाबलं जातं, आणि पुढे कुणीतरी बायपास, म्हणजे व्हॉल्व्हला वळसा घालणारी गॅसची लाइन, काढतं. माझ्या पाहण्यातल्या एका किचनमध्ये बायपासचा कॉक कायमचा उघडा होता. आग लागली असती तर रसायन फवारलं गेलं असतं, गॅस मात्र वाहतच राहिला असता.

केबलच्या व्हॉल्व्हला विजेचं देणंघेणं नाही. यंत्रणा सुटली की स्प्रिंगने खट्कन बसतो. त्याचीही कटकट आहेच: केबलची लांबी आणि वळणं मर्यादित, कोपऱ्यातल्या पुलीत चिकटा साचला तर ओढ अडते. पण सहामाही सर्व्हिसिंगला व्हॉल्व्ह प्रत्यक्ष पाडून घेतला, तर हे वेळीच कळतं. वीज गेल्यावर फॅन थांबतो आणि बर्नर जळत राहू शकतात, तेव्हा ते हाताने बंद करण्याची शिस्त मात्र लावावी लागते.

विजेवरची उपकरणं असतील तर यंत्रणा सुटल्याचा इशारा देणारा मायक्रोस्विच आणि त्यावरून वीज तोडणारा कॉन्टॅक्टर दोन्ही प्रकारांत लागतातच.

अनेक हुड, लांबची लाइन किंवा भरवशाचा यूपीएस असेल, तर सोलेनॉइडला माझी ना नाही. एकच हुड आणि लाइन जवळ असेल, तर मी केबलच घेईन. फक्त व्हॉल्व्ह छतापाशी नको. रीसेट करायला शिडी लागणार नाही अशा उंचीवर बसवून घ्या.